चौदाव्या खंडातला अर्ज

आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या गृहस्थांना सगळे बाइंडर म्हणतात. दारावर पाटी आहे, पाटीवर नावही आहे, पण टपाल आणणारासुद्धा खाली उभा राहून "बाइंडर, पत्र" अशीच हाक मारतो. मी दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि त्यांना सव्वीस वर्षं ओळखतो. या सव्वीस वर्षांत शिलाई उसवली म्हणून त्यांच्याकडे एकही पुस्तक परत आलेलं मला माहीत नाही. हे मी सुरुवातीलाच लिहून ठेवतो, कारण विभाग कार्यालयाच्या कागदांत आज याच्या बरोब्बर उलट लिहिलेलं आहे, आणि त्याखाली सही त्यांचीच आहे.

त्यांचं दुकान मागच्या गल्लीत. दुकान म्हणजे एक लांबट खोली. एका भिंतीला लोखंडी दाबयंत्र, दुसऱ्या भिंतीला कागद कापायचं यंत्र, मध्ये उभ्यानं काम करायचं टेबल. खळीचं पातेलं, ब्रश, दोऱ्याची रिळं, पुठ्ठे, रंगाप्रमाणे लावून ठेवलेलं रेक्झिन. बांधायला आलेला कागद ते कधी वाचत नाहीत. पानांचे आकडे बघतात, कडा बघतात, मजकुराकडे बघत नाहीत. ज्यांच्या हाताखाली ते काम शिकले त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, दुसऱ्याचं पत्र आणि दुसऱ्याचा डबा उघडून बघायचा नाही. "आणि वाचायला लागलो की हात थांबतो," असं बाइंडर स्वतः म्हणतात. या सवयीमुळे त्यांच्याकडे लोक मृत्युपत्रंसुद्धा निर्धास्तपणे देत असत.

लढाईचं हे तिसरं वर्ष. लढाई आमच्यापासून लांब आहे असं सांगतात. भोंगा मात्र आठवड्यातून तीन-चारदा वाजतो, आणि तो वाजला की सगळ्या इमारतीनं तळघरात जायचं. लिफ्ट पहिल्याच वर्षी वीजबचतीसाठी बंद झाली. तिच्या दारावर 'तात्पुरती बंद' असा कागद चिकटवला होता. तो कागद पिवळा पडून गळून गेला, लिफ्ट आहे तिथेच आहे.

त्याच वर्षी बाइंडरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, पाणी भरताना घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळातल्या खाटा जखमी सैनिकांसाठी राखून ठेवलेल्या, त्यामुळे ऑपरेशन अडीच महिने लांबलं. तोवर हाड आपल्या मर्जीनं जुळून बसलं होतं. आता त्या वॉकर धरून घरातल्या घरात फिरतात, ओट्याशी उभ्या राहतात, पण जिना उतरणं त्यांच्यानं होत नाही. चौथा मजला म्हणजे बहात्तर पायऱ्या.

सुरुवातीला भोंगा झाला की आम्ही दोघं त्यांना लाकडी खुर्चीत बसवून खाली न्यायचो. बाइंडर बासष्टचे, मी निवृत्तीला टेकलेला. एकदा वळणावर माझा हात घसरला आणि खुर्ची दोन पायऱ्या आपटत गेली. कठडा होता म्हणून निभावलं. त्या दिवशी वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आता पुरे. बॉम्ब माझ्यावर पडेल की नाही ते नक्की नाही. तुम्ही दोघं मात्र एक दिवस माझ्यावर नक्की पडाल."

त्यानंतर त्या खाली आल्या नाहीत. भोंगा वाजला की सगळी इमारत खाली उतरत असे आणि दुकानातून धावत आलेला हा एक माणूस भिंतीला चिकटून वर चढत असे. मोरी आणि दार यांच्यामधल्या बोळात खिडकी नाही, म्हणून तिथे दोन पाट टाकून दोघं बसायची. मी तळघरात बसून छताकडे बघायचो. ज्या दिवशी काही पडलं असतं त्या दिवशी ती दोघंही गेली असती.

तळमजल्यावर, तळघराच्या दाराला लागूनच, विभाग कार्यालयाच्या मालकीची एक खोली होती. पूर्वी तिथे वाचनालय होतं. ते लढाई सुरू झाल्यावर बंद पडलं आणि खोलीला कुलूप लागलं. ज्यांना जिना उतरता येत नाही त्यांना अशा रिकाम्या सरकारी खोल्या राहायला द्याव्यात, असं परिपत्रकच निघालेलं होतं. मी ते मिळवलं, परिच्छेद सात खाली रेघ मारली आणि बाइंडरांसाठी अर्ज लिहिला. मुद्दे क्रमवार, परिपत्रकाचा क्रमांक, तारीख, आणि सोबत डॉक्टरांचा मूळ दाखला. मूळच हवा होता, नक्कल चालत नव्हती. दाखला धरून अर्ज तीन पानांचा झाला. आवक शिक्का घेतला, पोच घेतली. इतका निर्दोष अर्ज महिन्याभरात सुटेल असं मी छातीठोकपणे सांगितलं.

विभाग कार्यालयात अशा अर्जांसाठी चार नंबरची खिडकी. तिथे बसणाऱ्या बाई चाळिशीच्या, नेहमी सर्दी झालेल्या. त्यांच्या खोलीत तीन टेबलं होती. दोन टेबलांवरची माणसं सैन्यात बोलावली गेली होती आणि तिन्ही टेबलांचं काम या एकट्या बघत होत्या. त्या कधी उद्धट बोलल्या नाहीत. उद्धट बोलायला लागते ती ताकदही त्यांच्यात उरली नसावी.

"अर्ज वर गेलाय, काका," त्यांनी पहिल्या महिन्यात सांगितलं.

"वर म्हणजे कुठे?"

"वर म्हणजे वर."

"पण बाई, वरचा मजला तर काचा फुटल्यापासून बंद आहे."

"मग तिथेच असेल," बाई नाक पुसत म्हणाल्या. त्या थट्टा करत होत्या की माहिती देत होत्या, हे आम्हाला घरी येईपर्यंत ठरवता आलं नाही.

तिथली रांग हे एक वेगळंच प्रकरण होतं. रांगेत असताना भोंगा झाला की खिडक्या बंद होत. सगळे समोरच्या निवाऱ्यात जात. परत आल्यावर जुना नंबर रद्द, रांग नव्यानं. त्यामुळे ज्याचे पाय तरुण त्याचा अर्ज पुढे. बाइंडर दोनदा तिसऱ्या नंबरावरून चाळिसाव्या नंबरावर गेले. शिवाय भोंगा झाला की त्यांचा जीव निवाऱ्यात लागत नसे. ते शिपायाचा डोळा चुकवून घराकडे निघत. "अर्ज तिच्यासाठीच आहे ना," ते मला म्हणाले. "तीच राहिली नाही तर खोली काय मी एकट्यानं राहायला मागतोय?"

सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण आम्ही लहानपणापासून ऐकलेली. सहा महिने संपले तेव्हा बाइंडर म्हणाले, "भाऊसाहेब, म्हण तर संपली. आता पुढे काय करायचं ते वाडवडील सांगून गेले नाहीत."

आठव्या महिन्यात एका सोमवारी मी रजा काढून त्यांच्याबरोबर गेलो. पोचपावती खिडकीत ठेवली आणि बाईंना म्हटलं, आज अर्ज कुठे आहे ते कळल्याशिवाय आम्ही हलणार नाही. बाईंनी एक सूची काढली, बोट फिरवत फिरवत शेवटच्या पानावर आल्या आणि थांबल्या.

"सापडला. खंड चौदा, पान दोनशे सोळा ते अठरा."

"खंड म्हणजे?"

"निकाली कागदांचा खंड. काम संपलेले सगळे कागद बांधून घेतलेत ना. गुरुवारी ट्रक येणार आहे, सगळे खंड दूरच्या गोदामात जाणार, सुरक्षित राहावेत म्हणून."

"काम संपलेले?" मी विचारलं. "याचं काम कुठे संपलंय? सुरूच नाही झालं."

बाईंनी रिकाम्या टेबलाकडे बघितलं. त्या टेबलावरच्या कारकुनाकडे आमचा अर्ज होता. त्याला एका सकाळी बोलावणं आलं आणि दुपारी तो गेला. कोणता कागद चालू, कोणता संपलेला, हे विचारायला कोणी उरलं नव्हतं. शिपायानं टेबलावरचं सगळं एका गठ्ठ्यात बांधलं आणि गठ्ठा बांधणीला गेला.

"बांधलं कोणी?" मी जरा चढ्या आवाजात विचारलं.

बाइंडर माझ्या बाजूला उभे होते. त्यांनी खिडकीच्या लाकडावर हात टेकला.

"मीच," ते म्हणाले.

विभाग कार्यालयाची बांधणी गेली कित्येक वर्षं त्यांच्याकडेच होती. तीन महिन्यांपूर्वी चौदा गठ्ठे हातगाडीवरून त्यांच्या दुकानात आले होते आणि त्यांनी ते नेहमीप्रमाणे न वाचता बांधले होते. पानांवर आकडे घातले, कडा जुळवल्या, भोकं पाडली, दोरा ओवला, खळ लावली, दाबात ठेवलं. स्वतःच्या बायकोचा अर्ज त्यांच्या बोटांखालून गेला होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

मी लगेच कामाला लागलो. "नवा अर्ज देतो. आत्ता लिहितो."

"द्या," बाई म्हणाल्या. "पण मूळ दाखला लागेल."

मूळ दाखला पान दोनशे अठरा. तो देणारे डॉक्टर आघाडीवरच्या इस्पितळात गेलेले. नव्या दाखल्यासाठी डॉक्टरांच्या मंडळासमोर जायचं, आणि मंडळ सध्या फक्त सैनिकांना तपासत होतं.

"मग त्या खंडातून ही तीन पानं काढून द्या."

"बांधलेल्या खंडातून पान काढायला मुख्य कार्यालयाची परवानगी लागते. दोन महिने धरा. आणि गुरुवारी खंडच जाणार." बाईंनी आवाज खाली आणला. "काका, मागे असाच एक अर्ज निघाला तेव्हा मी साहेबांना विचारलं होतं. ते म्हणाले, जिवंत अर्ज निकालीत कसा गेला याची आधी चौकशी करावी लागेल. चौकशी मलाच करायला सांगितलीय. मी माझीच चौकशी करणार."

आम्ही बाकावर येऊन बसलो. मी हळूच म्हटलं, "अहो, तुम्हाला तर ते दोन मिनिटांचं काम आहे. खंड बघायला मागू. एक पातं पुरे."

"पातं लावलं की शिवणीशी बोटभर कागद उरतो," बाइंडर म्हणाले. "ज्याला कळतं त्याला तो दिसतोच. आणि बाईंच्या ताब्यातला खंड आहे. पकडल्या त्या जातील."

बाईंनी आम्हाला हात करून बोलावलं. खिडकीत आता चौदावा खंड होता, निळ्या रेक्झिनचा, आणि त्यावर एक छापील फॉर्म.

"काका, खंड कार्यालयाबाहेर जायला तीनच कारणं चालतात," त्या म्हणाल्या. "वाळवी, भिजणं, नाहीतर सदोष बांधणी. सदोष असेल तर ज्यानं बांधला त्याच्याकडे परत जातो, आणि तो उसवून पुन्हा बांधून देतो. उसवताना चुकून जोडलेलं पान निघालं, तर ते परत करायचं असतं. तसा रकाना आहे खाली."

बाइंडरांनी खंड हातात घेतला. पुठ्ठा उघडला, मिटला, पाठीवरून अंगठा फिरवला.

"याला काही झालेलं नाही."

"पुठ्ठा सुटलाय."

"बाई, माझा पुठ्ठा सुटत नाही."

"मला माहीत आहे, काका. म्हणून तर तुमचा अर्ज बाहेर निघत नाहीये."

मी त्यांच्या पायावर पाय दिला. त्यांनी पाय काढून घेतला.

"भिजलाय असं लिहा," ते म्हणाले.

"भिजलेला दाखवावा लागतो. भिजवला तर तुमचा दाखलाही भिजेल."

"मग वाळवी."

"वाळवी लिहिली तर चौदाच्या चौदा खंड औषध मारायला जातात. महिना जातो."

मागून कोणीतरी म्हणालं, "अहो आजोबा, आटपा. भोंगा झाला तर सगळ्यांचीच रांग मोडेल."

बाइंडरांनी पेन घेतलं. फॉर्मवर तीन चौकटी होत्या. तिसरीत त्यांनी खूण केली. खाली छापलेलं होतं: 'बांधणी माझ्या हातून सदोष झाल्याचे मला मान्य आहे.' ते त्यांनी वाचलं. इतर लोक अशा कागदावर न वाचता सही करतात. ज्या माणसानं आयुष्यभर कागद वाचले नाहीत त्यानं हे एक वाक्य मात्र दोनदा वाचलं, आणि मग सही केली.

दुकानात आल्यावर ते लगेच उसवायला बसले. मी शेजारच्या स्टुलावर. आधी सुरीचं टोक पुठ्ठ्याच्या खाचेत घातलं, ते आत जाईना. मग पातेल्यात पाणी तापवून फडकं पिळलं आणि पाठीवर ठेवलं. खळ सुटायलाच तास गेला. दोरा इतका घट्ट होता की एकेक टाका सुईनं उचलून कापावा लागला.

"कोणी सांगितलं होतं इतकं घट्ट शिवायला?" ते स्वतःशीच पुटपुटले.

दोनशे सोळा नंबरचं पान हातात आलं तेव्हा त्यांनी चष्मा वर सरकवला आणि उभ्या-उभ्या वाचायला सुरुवात केली. अर्ज मी लिहिला होता, आवक करण्यापूर्वी त्यांनी फक्त सही केली होती. वाचता वाचता ते एका ओळीवर थांबले.

"'अर्जदाराची पत्नी हालचाल करण्यास कायमची असमर्थ असून...'"

"तसं लिहावं लागतं. नाहीतर परिच्छेद सात लागू होत नाही."

"हो. बरोबर आहे." त्यांनी पान पालथं ठेवलं. "तिला मात्र दाखवू नका."

तीन पानं निघाल्यावर तिथे त्याच जाडीची कोरी पट्टी घालून त्यांनी खंड पुन्हा शिवला. मी म्हटलं, आता जरा सैल शिवा, म्हणजे फॉर्मवर लिहिलंय ते खरं तरी होईल. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बुधवारी खंड परत गेला, गुरुवारी ट्रक गेला. निघालेल्या तीन पानांवर बाईंनी नवा शिक्का मारला आणि अर्ज स्वतः साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. एकोणीस दिवसांनी किल्ली मिळाली. आदेशात 'तात्पुरता, सहा महिन्यांसाठी' असं होतं. मुदतवाढीसाठी पुन्हा अर्ज, सोबत मूळ दाखला. दाखला अर्थातच कार्यालयानं ठेवून घेतला होता. त्याचं काय करायचं ते मी अजून ठरवलेलं नाही.

वहिनींना आम्ही खुर्चीतून शेवटचं खाली आणलं. या वेळी पहिल्या मजल्यावरच्यांचे दोन जावईही मदतीला आले. वाचनालयाच्या खोलीत फळ्यांची मांडणी तशीच होती. वहिनींनी तिच्यावर डबे लावले, खिडकीला जाड कापड लावलं आणि म्हणाल्या, "जमीन किती जवळ आहे इथे. बरं वाटतं."

दीड महिन्यानं बाइंडरांना विभाग कार्यालयाचं पत्र आलं. सदोष बांधणीची नोंद झाल्यामुळे त्यांचं नाव मान्यताप्राप्त बांधणीकारांच्या यादीतून कमी करण्यात येत आहे. इथून पुढे कागद तारेच्या टाचण्या मारून ठेवले जातील. ती नोंद कळताच आमच्या जवळच्या शाळेनं आणि न्यायालयातल्या वकिलांनीही त्यांच्याकडे काम पाठवणं बंद केलं. अशी नोंद एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात किती झपाट्यानं जाते. अर्जाला मात्र कधी इतकी घाई नसते.

मी अपिलाचा मसुदा केला. चार मुद्दे, क्रमवार. सव्वीस वर्षांची साक्ष मी स्वतः देणार होतो. तो घेऊन दुकानात गेलो. बाइंडर रिकाम्या टेबलापाशी बसून सुया पुसत होते. त्यांनी मसुदा पूर्ण वाचला. हल्ली ते वाचतात.

"छान लिहिलंय," ते म्हणाले. "पण यात पुठ्ठा सुटला नव्हता असं म्हटलंय."

"सुटला नव्हताच."

"मग खंड बाहेर कसा गेला, असं विचारतील. आणि मग त्या चार नंबरच्या बाई." त्यांनी मसुदा मला परत दिला. "तीन टेबलांचं काम करतेय बिचारी. तिला उठवलं तर त्या खिडकीत बसायला कोणीच नाही. लोकांनी अर्ज कुठे द्यायचे?"

"अहो, पण तुमच्या नावाचं काय?"

"नाव काय," ते म्हणाले आणि पुन्हा सुया पुसायला लागले.

त्यांनी वहिनींना यातलं काहीच सांगितलेलं नाही. परवा दुपारी भोंगा झाला. मी खाली पोचलो तेव्हा वहिनी वॉकर टेकत आधीच तळघरात येऊन बसल्या होत्या, आणि बाइंडर त्यांच्या शेजारी. शेजारच्या बाईंनी सहज विचारलं, आजकाल तुमचे हे भरदुपारी घरीच दिसतात, दुकान बंद केलं की काय?

"बंद नाही हो," वहिनी म्हणाल्या. "काम कमी झालंय. लढाईच्या दिवसांत कोण पुस्तकं बांधून घेतंय? हो ना हो?"

"हो ना," बाइंडर म्हणाले, आणि त्यांच्या पाठीमागची उशी नीट केली.